उसाची ट्रॉली आणि तीस टक्के

घटनास्थळाच्या पंचनाम्यात एक ओळ होती: ‘ट्रॉलीच्या मागील फळीस लाल रंगाची रिफ्लेक्टर पट्टी लावलेली असून तिच्यावर उसाचे वाढे लोंबत आहेत.’ वाढे म्हणजे उसाचे शेंडे. हवालदाराने दिसलं तसं लिहून टाकलं होतं. पुढे जवळजवळ पाच वर्षं चाललेल्या दोन दाव्यांचा निम्मा भार या एका ओळीने उचलला.

हे प्रकरण मी सांगली जिल्ह्यात चालवलं. माणसांची आणि गावांची नावं इथे देत नाही. हिशेब नजरेपुढे राहावा म्हणून रकमा थोड्या गोल केल्या आहेत.

जानेवारी 2018. गळीत हंगाम ऐन भरात. दूध संकलन केंद्रावर कामाला असलेला 34 वर्षांचा एक गृहस्थ रात्री साडेनऊच्या सुमारास तालुक्याच्या एस.टी. स्टँडवरून मेहुण्याला घेऊन मोटारसायकलने घरी निघाला. मामा येणार म्हणून आठ वर्षांचा मुलगा हट्टाने सोबत गेला होता. येताना तो दोघांच्या मध्ये बसला. गाव चार किलोमीटरवर राहिलं असताना समोरून एका ट्रकचा दिवा डोळ्यांवर आला आणि पुढच्याच क्षणी मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर आदळली. चालवणारा दवाखान्यात नेता नेता गेला. 27 वर्षांच्या मेहुण्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मुलाच्या गळपट्टीचं हाड मोडलं, बाकी तो बचावला.

ट्रॉली तिथे उभी का होती? टायर बसला होता. ट्रॅक्टरचा चालक बीडकडचा, वय जेमतेम 22. त्याने चाकांना दगड लावले, मागे एक फांदी टाकली आणि मालकाला फोन करून तो ट्रॅक्टरवरच बसून राहिला. डांबरी रस्ता सात मीटर रुंद, त्यातला एक मीटर नव्वद सेंटिमीटर भाग ट्रॉलीने अडवलेला. डावीकडे दीड मीटरची साईडपट्टी मोकळी होती.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो मयताविरुद्ध. भारतीय दंड संहितेची कलमं 279, 337 आणि 338. उभ्या वाहनावर मागून येऊन आदळला, म्हणजे चूक त्याचीच, असा सरळ हिशेब. आरोपी हयात नाही म्हणून ‘अबेटेड समरी’, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, गेली आणि फाईल मिटली. त्याची बायको पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात त्याच कागदाची झेरॉक्स होती. ती म्हणाली, “साहेब, मेलेल्या माणसावर केस कशी काय करत्यात?”

मोटार अपघाताच्या कामात हा कागद फार ठिकाणी आडवा येतो, म्हणून सांगतो. फिर्याद हा अपघाताच्या दोषाचा शेवटचा पुरावा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखं संशयापलीकडे काही सिद्ध करावं लागत नाही. कुणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढंच तोलतात, आणि 2009 पासून सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 तर सरळ म्हणतं की वाहन किंवा त्याचा ट्रेलर सार्वजनिक जागी धोका होईल अशा रीतीने उभा ठेवायचा नाही. रस्ता अडवल्याचं कलम 283 पोलिसांनी ट्रॅक्टरवाल्याला लावायला हवं होतं. ते लावलं नाही याची शिक्षा त्या बाईने का भोगायची?

आम्ही दोन मुख्य दावे दाखल केले. एक पत्नी, दोन मुलं आणि तिची सासू, म्हणजे मयताची आई, यांचा. दुसरा मेहुण्याचा, पाय गेल्याबद्दल. मुलाच्या हाडाचा तिसरा दावा लहान होता आणि लवकर मिटला. दोन्ही मोठ्या दाव्यांत सामनेवाले तेच: ट्रॅक्टरचा मालक आणि त्याची विमा कंपनी. अपघात एक, ट्रॉली एक, साक्षीदारही बहुतेक तेच. पण कायद्याच्या दृष्टीने ही दोन अगदी वेगळी प्रकरणं होती, आणि हा फरक पक्षकारांना समजावून सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कुठल्याच मुद्द्याला लागला नाही.

मोटारसायकल चालवणाऱ्याचीही थोडी चूक होती असं धरू. त्याच्या बायकामुलांच्या दाव्यात ती चूक त्यांच्या रकमेतून वजा होते, कारण ते त्याच्याच जागी उभे राहून मागत असतात. याला आमच्याकडे ‘कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स’ म्हणतात: आपल्याच नुकसानीला आपला हातभार. मेहुणा मागे बसलेला. हँडल त्याच्या हातात नव्हतं, ब्रेक त्याच्या पायाखाली नव्हता. त्याच्या दृष्टीने ट्रॅक्टरवाला आणि मोटारसायकलवाला या दोघांच्या चुकीने त्याचा पाय गेला. हा ‘कॉम्पोझिट निग्लिजन्स’. इथे त्याच्या रकमेतून एक पैसाही कापायचा नसतो. दोघांपैकी कुणाकडूनही तो पूर्ण रक्कम वसूल करू शकतो, आणि आपसांतली वाटणी त्या दोघांनी बघायची. सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये हे अगदी स्पष्ट केलं आहे.

विमा कंपनीच्या वकीलबाई अभ्यासू होत्या. त्यांनी मेहुण्याच्या दाव्यात अर्ज दिला की मयताच्या वारसांनाही सामनेवाले करा, कारण त्यांच्या माणसाचीही चूक आहे. म्हणजे भावाच्या दाव्यात सख्ख्या बहिणीला समोर उभं करा. मोटारसायकलची पॉलिसी फक्त कायद्यापुरती, म्हणजे थर्ड पार्टीची होती. तशा पॉलिसीत मागे फुकट बसलेला माणूस येत नाही, हे 2006 पासून ठरलेलं आहे. त्यामुळे मोटारसायकलच्या वाट्याला जो दोष येईल त्याची रक्कम विमा कंपनीवर न जाता वारसांच्या दाराशी आली असती.

त्या दिवशी दोघं बहीणभाऊ कोर्टाच्या पायरीवर बसले होते. भाऊ कुबड्या शेजारी ठेवून मला म्हणाला, “तायडीवर काय येत असंल तर माझी केस मागं घ्या.” मी त्याला सांगितलं, कुणावर दावा लावायचा हे ठरवायचा हक्क तुझा आहे. अर्जावर आम्ही हेच म्हणणं दिलं आणि न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. यामुळे विमा कंपनीचा मार्ग कायमचा बंद होतो असं मात्र नाही. तिला वेगळी कारवाई करून वाटा मागता येतो. पण वारसांची जबाबदारी मयताकडून आलेल्या मिळकतीपुरतीच असते, आणि इथे मिळकत म्हणजे अकरा गुंठे जमीन आणि चेपलेली मोटारसायकल.

मग आला ‘ट्रिपल सीट’चा मुद्दा. कलम 128 प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकालाच बसवता येतं. इथे दोघं होते. हेल्मेट नव्हतं, म्हणजे कलम 129 चाही भंग. विमा कंपनीने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, हे दोन मुद्दे सर्वांत वर घेतले आणि निम्मी रक्कम कापण्याची मागणी केली.

सामायिक चुकीच्या प्रकरणात बहुतेक माणसं इथेच घाबरतात आणि कमी पैशात तडजोड करून मोकळी होतात. नियम मोडला, ही एक गोष्ट. नियम मोडल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, ही दुसरी. पहिली दाखवली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. ती दाखवायची जबाबदारी चुकीचा आरोप करणाऱ्याची. जानेवारी 2020 मध्ये, आमचा पुरावा चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीच्या एका प्रकरणात निकाल आला. तिथेही मोटारसायकलवर तिघं होते आणि उच्च न्यायालयाने त्यासाठी रक्कम कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघं बसणं हा कायद्याचा भंग असेल, पण त्या बसण्याने अपघाताला किंवा त्याच्या परिणामाला हातभार लावला हे दाखवल्याशिवाय त्याला सहभागी चूक म्हणता येत नाही, असं तो निकाल सांगतो.

आम्ही शवविच्छेदनाचा अहवाल ओळ न् ओळ वाचला. बरगड्या मोडलेल्या, यकृत फाटलेलं, पोटात रक्त साचलेलं. डोक्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारला: “हेल्मेट असतं तर हा माणूस वाचला असता का?” त्यांनी अहवाल पुन्हा चाळला आणि म्हणाले, “या इजांमध्ये हेल्मेटचा संबंध येत नाही.” हेल्मेटचा मुद्दा तिथेच संपला. डोक्याला मार लागून मृत्यू झाला असता तर याच प्रश्नाचं उत्तर आमच्या विरुद्ध गेलं असतं, हेही खरं. म्हणून हेल्मेटचा बचाव प्रत्येक वेळी पोकळ असतो असं कुणी समजू नये.

ट्रॅक्टरचा चालक साक्षीला आला. कंपनीनेच आणला होता. सरतपासात, म्हणजे कंपनीच्या वकीलबाईंनी विचारलं तेव्हा, त्याने सांगितलं की रिफ्लेक्टर होते, दगड लावले होते, फांदी टाकली होती. उलटतपासात मी पंचनामा पुढे ठेवला.

“रिफ्लेक्टर कुठं होतं?”

“मागच्या फळीला.”

“आणि वाढे कुठपर्यंत आले होते?”

तो गप्प. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा वाचून दाखवला.

“खालपर्यंत, साहेब.”

“मग मागून येणाऱ्याला पट्टी दिसत होती का?”

“मला म्हाईत न्हाई. मी पुढं होतो.”

“साईडपट्टीवर ट्रॉली का घेतली नाही?”

“मऊ माती होती. भरलेली ट्रॉली कलंडली असती.”

हे शेवटचं उत्तर मला आजही खोटं वाटत नाही. दहा-बारा टन ऊस भरलेली ट्रॉली बसक्या टायरवर मऊ मातीत उतरवणं सोपं नाही. त्या पोराने मुद्दाम काही केलं नव्हतं. पण लाल दिवा लावणं, वीस-तीस पावलं मागे जाऊन मोबाईलची बॅटरी हलवत उभं राहणं, निदान वाढे उचलून पट्टी मोकळी करणं, एवढं त्याच्या हातात होतं. ट्रॉलीला मागचा दिवाच नव्हता, हा दोष त्याच्याहून मालकाचा मोठा.

आता चालवणाऱ्याची चूक. मेहुण्याने साक्षीत वेग चाळीस-पन्नास सांगितला. रस्ता सरळ. ब्रेकच्या खुणा नाहीत. कंपनीचा युक्तिवाद असा की समोरून दिवा डोळ्यांवर आला तर वेग कमी करायचा असतो. पुढे दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल इतक्याच वेगाने चालवायचं असतं. हा युक्तिवाद हलका नव्हता.

मी माझ्या लेखी युक्तिवादात साधा हिशेब मांडला. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. काहीतरी आडवं आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी 21 मीटर संपतात. कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी 14. एकूण 35. मोटारसायकलचा खाली केलेला दिवा नीट दाखवतो तो फार तर तीस-चाळीस मीटर, तेही समोरचं वाहन उजळ असेल तर. धुळीने माखलेली, वाळक्या पाचटाच्या रंगाची ट्रॉली रात्री रस्त्यातून वेगळी दिसत नाही. त्यात धडक बसली ती मागच्या उजव्या कोपऱ्याला. पाहिलंच नसतं तर तो मधोमध आदळला असता. म्हणजे शेवटच्या क्षणी त्याने हँडल उजवीकडे ओढलं होतं. ब्रेकची खूण नाही याचा अर्थ तो बेसावध होता असा नसून, त्याच्याकडे वेळच उरला नव्हता, असं माझं म्हणणं.

निकाल डिसेंबर 2022 मध्ये लागला. ट्रॅक्टरची चूक 70 टक्के, मोटारसायकलची 30 टक्के. ट्रिपल सीट आणि हेल्मेट हे दोन्ही मुद्दे नाकारले. डोळ्यांवर दिवा आल्यावर वेग आवरला नाही, एवढ्याच कारणावर तीस टक्के.

आता हा टक्का रुपयांत काय होतो ते पाहा. मयताचा पगार महिना 15,000 धरला. वय चाळिशीच्या आत आणि पगार ठरीव, म्हणून पुढच्या वाढीपोटी 40 टक्के मिळवले: 21,000. वर्षाचे 2,52,000. अवलंबून असलेले चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: 1,89,000. वर्षाच्या रकमेला वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो गुणक, चौतिसाव्या वर्षाला 16: 30,24,000. गुणक आणि वजावटीचं कोष्टक 2009 च्या सरला वर्मा निकालातलं, वाढीचे टक्के 2017 च्या प्रणय सेठी निकालातले. कोर्टात सगळे याच नावांनी बोलतात. सहवास आणि मायेच्या छत्राला मुकल्याबद्दल चौघांना प्रत्येकी 44,000, अंत्यविधी आणि मिळकतीच्या नुकसानीचे प्रत्येकी 16,500. एकूण 32,33,000.

यातून 30 टक्के, म्हणजे 9,69,900 गेले. हातात 22,63,100 आणि दाव्याच्या तारखेपासून व्याज. कंपनीने मागितल्याप्रमाणे निम्मी चूक धरली असती तर 16,16,500 राहिले असते. या घरासाठी एक टक्का म्हणजे 32,330 रुपये, मयताचा दोन महिन्यांहून जास्तीचा पगार. इतका जड आकडा ठरवायला कायद्यात कुठलंही कोष्टक नाही. वयाला कोष्टक आहे, खर्चाच्या वजावटीला आहे. चुकीच्या वाटणीला मात्र पंचनामा, साक्षी आणि न्यायाधीशांचा अंदाज एवढंच. म्हणून अपघातानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत कुणीतरी घरच्या माणसाने जागेवर जाऊन फोटो काढावेत असं मी प्रत्येकाला सांगतो. मागचे दिवे, रिफ्लेक्टर, रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर, काचा कुठे पडल्या आहेत. दुःखाच्या घरात हे सुचत नाही, मला माहीत आहे. तरी सांगतो.

मेहुण्याचा हिशेब निराळा. तो गवंडी. उत्पन्न 12,000 धरलं, वाढीसह 16,800, वर्षाचे 2,01,600, गुणक 17. दाखल्यात अपंगत्व कमी टक्क्यांचं होतं. पण परांचीवर चढता न येणारा गवंडी काय काम करणार, या प्रश्नावर न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान 80 टक्के मानलं: 27,41,760. त्यात औषधपाणी, कृत्रिम पाय, वेदना, आयुष्यातला हरवलेला आनंद आणि उपचाराच्या सहा महिन्यांची बुडालेली मजुरी मिळवून 35,73,760. एक रुपयाही कपात नाही. त्याच अपघातात, त्याच गाडीवर, त्याच तीस टक्क्यांसह. वारसांना सामनेवाले केलं असतं तर त्या रकमेच्या तीस टक्क्यांचा, म्हणजे 10,72,128 रुपयांचा बोजा कंपनीने याच निकालावरून बहिणीकडे ढकलण्याचा प्रयत्न केला असता.

निकालाची प्रत घेऊन ताई आल्या तेव्हा मी आकड्यांपासून सुरुवात केली. मुलांचे हिस्से बँकेत ठेव म्हणून राहतील, व्याज काढता येईल, वगैरे. त्या ऐकत नव्हत्या. सासूबाईही सोबत होत्या. थोड्या वेळाने ताईंनी विचारलं, “म्हणजे त्यांची चूक हुती, असं लिवलंय?”

मी म्हणालो, “तीस टक्के.”

“पोरगं आता तेरा वर्षांचं झालंय. त्यो वाचंल की हे कधीतरी.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मी वीस वर्षं टक्क्यांची भाषा बोलतो. ती रकमेची वाटणी आहे, माणसावरचा शेरा नाही, हे मला ठाऊक आहे. पण फिर्यादीत ‘आरोपी’ म्हणून लागलेलं नाव आणि निकालातले तीस टक्के त्या घरात एकाच ओळीत वाचले जातात. रक्कम घेऊन थांबू का, असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “बाळा, तू फुडं लढ. माझा ल्योक गाडी जपून चालवायचा.”

नव्वद दिवसांच्या मुदतीत मुंबई उच्च न्यायालयात अपील दाखल केलं, फक्त त्या तीस टक्क्यांपुरतं. मेहुण्याच्या निकालाविरुद्ध कंपनीने अपील केलं नाही. वेगळी वसुलीही अजून लावलेली नाही.

मध्यंतरी सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात निकाल दिला. महामार्गावर दिव्यांशिवाय सोडून दिलेल्या ट्रेलरवर रात्री कार आदळली होती आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी कारचालकावर निम्मा दोष टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुसून टाकला. चालकाची चूक सोबतच्या प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, हेही पुन्हा सांगितलं. मी तो निकाल अपिलात जोडला आहे. आमच्याकडे फांदी आणि दगड होते, ट्रॉली सोडून दिलेली नव्हती, चालक जवळ होता. हे फरक कंपनी दाखवणारच. माझा भर पुन्हा त्या लोंबणाऱ्या वाढ्यांवर आणि उजव्या कोपऱ्यावर राहील.

ज्यांचे अपघात 1 एप्रिल 2022 नंतरचे आहेत त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा दाव्यांना अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पूर्वीसारखं ‘दिवस कार्य उरकू, हंगाम संपू दे, मग बघू’ असं करू नका. कुणाचीही चूक न विचारता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख देणारं कलम 164 ही त्याच दुरुस्तीतून आलं. पण आमच्या प्रकरणासारखं नुकसान त्याहून कितीतरी मोठं असेल तर चुकीच्या वाटणीची लढाई टाळता येत नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं. सांगली जिल्ह्याची कामं तिथेच चालतात. मुंबईची तारीख म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि रात्रीचा प्रवास, म्हणून ताई एकदाही गेल्या नव्हत्या. कोल्हापूरला सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परतता येतं. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. तारीख लागली की कळवा म्हणाल्या, पोरालाही घेऊन येणार आहेत.